काडतूस शिरते, पण चालते का?

पावसाळा संपत आला की सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांमध्ये पोरांच्या हातात बांबूची नळी दिसू लागते. वीतभर लांबीची पोकळ कांडी, तिच्यात घट्ट बसणारी एक काडी आणि खिसाभर हिरवी फळे. एक फळ नळीच्या पुढच्या तोंडाशी दाबून बसवायचे, दुसरे मागून घालायचे आणि काडीने झटक्यात पुढे रेटायचे. 'फट्' असा आवाज होतो आणि पुढचे फळ उडून जाते. या खेळण्याला गावोगावी वेगवेगळी नावे आहेत. जव्हार, मोखाड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना ते नवे नाही. कित्येकदा ते वर्गात जप्तही करावे लागते!

जप्त केलेली ही नळी परत देण्यापूर्वी तिच्यावर एक तास घ्यायला हरकत नाही. बंदुकीचे सारे मूळ विज्ञान तिच्यात आहे. शिवाय या भागात बंदूक ही केवळ सिनेमात दिसणारी वस्तू नाही. भात, नाचणी, वरईच्या पिकात रानडुकरे शिरतात आणि त्यांच्या निमित्ताने ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी मुले घरी ऐकतात. वर्तमानपत्रात 'गावठी कट्टा' हा शब्द वाचतात. 'कुठल्याही बंदुकीत कुठलीही गोळी चालते', 'जास्त दारू भरली की बार लांब जातो' अशा समजुती त्यातूनच पसरतात. या दोन्ही समजुती माणसाचा हात, डोळा किंवा जीव घेऊ शकतात. त्या चुकीच्या का, हे समजायला आठवी-नववीचे विज्ञान पुरते.

दाबाची शिडी

आधी बांबूच्या नळीपासून सुरुवात करू. समजा, दोन फळांमध्ये २० सेंटीमीटर लांबीचा हवेचा स्तंभ अडकला आहे. काडी रेटल्यावर तो ८ सेंटीमीटर उरला. बॉइलच्या नियमाप्रमाणे हवेचा दाब २० भागिले ८, म्हणजे अडीच पट झाला. बाहेर एक वातावरण (वातावरणाच्या दाबाइतका) दाब आहे, म्हणून पुढच्या फळावर दीड वातावरणाचा जादा दाब पडतो. एक वातावरण दाब म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोग्रॅम वजनाइतके बल. नळीचा आतला व्यास १ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.७८ चौरस सेंटीमीटर येते आणि फळावरचे बल सव्वा किलोच्या आत-बाहेर भरते. एवढ्या बलाने फळ सुटते. (प्रयोग करताना फळाऐवजी ओल्या कागदाचे बोळे वापरावेत आणि नळी कुणाच्याही तोंडासमोर धरू नये.)

आता ही शिडी वर चढू. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये शिटीच्या वेळी सुमारे २ वातावरण दाब असतो. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे वैतरणा नदीवर मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेले मध्य वैतरणा धरण आहे. त्याची उंची १०० मीटरहून थोडी अधिक आहे. दर १० मीटर पाण्यामागे एक वातावरण दाब वाढतो, म्हणून भरलेल्या धरणाच्या तळाशी पाण्याचा दाब साधारण १० वातावरण होतो. तेवढ्यासाठी केवढी प्रचंड भिंत बांधावी लागली आहे ते मुलांनी पाहिलेले असते. जगातल्या सर्वांत खोल समुद्रात, मारियाना गर्तेच्या तळाशी, दाब सुमारे १,१०० वातावरण आहे.

आणि तळहातात मावणाऱ्या पिस्तुलाच्या नळीत? जगभर वापरल्या जाणाऱ्या ९ मिलिमीटर काडतुसाचा मान्य कमाल दाब ३५,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे जवळजवळ २,४०० वातावरण आहे. मारियाना गर्तेच्या दुपटीहून अधिक! तो टिकतो मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळ.

पुंगळीच्या आत काय घडते?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की घोडा किंवा टाचणी टोपीवर आदळते, टोपीतून ज्वाळा आत जाते आणि दारू पेटते. घन दारूचे तप्त वायू होतात. त्यांना मोकळी जागा नसल्याने दाब चढतो. पितळेची पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. गोळी पुढे सरकू लागली की वायूला जागा मिळते आणि शिखरावर पोचलेला दाब उतरू लागतो. दाब उतरल्यावर पुंगळी किंचित आकसते, म्हणून ती बाहेर काढता येते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची असे. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू बनवली. आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट १८८७ ची, तर ब्रिटिशांची कॉर्डाइट १८८९ ची. या नव्या दारूचा जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ती भराभर जळते. भराभर जळाली की दाब आणखी वाढतो. दाब आणखी वाढला की ती आणखी वेगाने जळते. चुलीत फुंकर घातल्यावर जाळ वाढावा आणि त्या जाळानेच पुन्हा फुंकर घालावी, तसा हा प्रकार आहे. काळ्या दारूत हा परिणाम पुष्कळ सौम्य असतो.

या चक्राला आवर घालते ती गोळीची हालचाल. गोळी वेळेवर सुटली, तिच्यामागे ठरलेली जागा असली, तर दाब ठरलेल्या शिखरावर थांबतो. यात थोडा जरी बदल झाला तर हिशेब बिघडतो. उदाहरणार्थ, ९ मिलिमीटर काडतुसात गोळीच्या मागे दारूसाठी अर्ध्या घनसेंटीमीटरच्या आसपास जागा असते. गोळी आदळून-आपटून १ मिलिमीटर आत गेली, तर सुमारे ०.०६५ घनसेंटीमीटर जागा कमी होते. म्हणजे बारा-तेरा टक्के! जळणाचा वेग दाबाबरोबर वाढत असल्याने शिखराचा दाब त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात वाढतो. म्हणून गोळी आत दबलेले, वाकलेले किंवा गंजलेले काडतूस वापरायचे नसते.

नळीत चिखल, चिंधी किंवा आधीची अडकलेली गोळी असेल तरीही असेच होते. वाट अडली, पण आतली दारू जळायची थांबत नाही. मग भिंत जिथे कमजोर असेल तिथून वायू आपली वाट काढतो.

ठासणीची बंदूक आणि सलामीची तोफ

ठासणीच्या बंदुकीत पुंगळी नसते. दारू, बोळा, छर्रे हे सारे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासायचे. दारू किती भरायची हे हाताच्या अंदाजावर. ही बंदूक काळ्या दारूसाठी घडवलेली असते. तिच्यात काडतुसे फोडून काढलेली धूररहित दारू भरणे, किंवा आधीचा बार उडाला की नाही हे न पाहता वर दुसरा ठासणे, म्हणजे नळी फोडण्याची तयारीच. बोळा आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तरीही नळी फुगू किंवा फुटू शकते.

याच्या उलट उदाहरणही जव्हारच्याच इतिहासात सापडते. १९४८ साली विलीन होईपर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि त्याच्या राजांना ब्रिटिश काळात ९ तोफांच्या सलामीचा मान होता. सलामीच्या तोफेत दारू असते, गोळा नसतो. पुढे अडवणारे जड काही नसल्याने वायू मोकळा सुटतो, मोठा आवाज होतो, पण नळीतला दाब फारसा चढत नाही. दारू तीच असली तरी पुढे वजन किती आहे, यावर दाब ठरतो. त्याच दारूमागे जड गोळी आली की दाब वाढतो. काडतुसाच्या खोक्यावर गोळीचे वजनही छापलेले असते, त्याचे कारण हे.

दाब आणि बल यांत गल्लत नको

'जास्त दाबाचे काडतूस म्हणजे जास्त मोठी बंदूक' असे मुलांना वाटते. त्यांच्याकडून पुढचे गणित करून घ्यावे. बल = दाब × क्षेत्रफळ. काही प्रसिद्ध काडतुसांचे मान्य कमाल दाब, आणि त्या दाबाने गोळीच्या बुडावर पडणारे बल असे आहे (आकडे स्थूलमानाने):

०.२२ लाँग रायफल: १,६३० वातावरण, ४२५ किलो
०.३२ एस. अँड डब्ल्यू. लाँग: १,०२० वातावरण, ५२० किलो
०.३२ ए.सी.पी.: १,४०० वातावरण, ७१० किलो
०.३८ स्पेशल: १,१६० वातावरण, ७७० किलो
०.३५७ मॅग्नम: २,३८० वातावरण; १,५९० किलो
१२ बोअर (छर्ऱ्यांची बंदूक): ७८० वातावरण, २,१८० किलो

पहिली आणि शेवटची ओळ पाहा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात ०.२२ चे चिमुकले काडतूस वापरतात. त्याचा दाब १२ बोअरच्या दुपटीहून अधिक आहे, पण तळ इतका लहान की बल पाचव्या हिश्शाइतकेच भरते. १२ बोअरचा दाब यादीत सर्वांत कमी, तरी बल सर्वांत जास्त! बंदूक निवडताना दाब आणि क्षेत्रफळ दोन्ही पाहावी लागतात ती अशी.

जाता जाता '१२ बोअर' या नावाचा उलगडाही वर्गात करता येईल. एक पौंड (४५३.६ ग्रॅम) शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास, तो या नळीचा व्यास. शिशाची घनता ११.३४ धरा. एका गोळीचे वस्तुमान ३७.८ ग्रॅम, आकारमान ३.३३ घनसेंटीमीटर आणि व्यास १.८५ सेंटीमीटर येतो. खऱ्या नळीचे मापही १८.५ मिलिमीटरच असते.

बत्तीस म्हणजे कोणते बत्तीस?

आता लेखाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे परवानाधारकांमध्ये 'बत्तीस बोअर' हा शब्द सर्रास ऐकू येतो. भारतीय आयुध निर्माणीचे ०.३२ रिव्हॉल्व्हर ०.३२ एस. अँड डब्ल्यू. लाँग या काडतुसासाठी आहे. निर्माणीचेच ०.३२ पिस्तूल ०.३२ ए.सी.पी. या वेगळ्या काडतुसासाठी आहे. दोन्हींच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखा, बोलण्यातले नावही एकच. पण वरची यादी पाहा. पिस्तुलाच्या काडतुसाचा मान्य दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त आहे. म्हणून नुसते 'बत्तीस' सांगून काडतूस मागणे हे औषधाच्या दुकानात नुसते 'पांढरी गोळी द्या' म्हणण्यासारखे आहे.

नावातले आकडे आणखीही फसवतात. '०.३८ स्पेशल'ची गोळी ०.३८ इंच नसून ०.३५७ इंच व्यासाची असते, आणि '०.३५७ मॅग्नम'चीही तितकीच. १९३५ मध्ये अमेरिकेत हे मॅग्नम काडतूस बाजारात आले, तेव्हा त्याच्या कर्त्यांपुढे एक पेच होता. लोकांच्या घरात ०.३८ ची जुनी रिव्हॉल्व्हरे होती. त्यांच्यात दुप्पट दाबाचे नवे काडतूस कुणी घातले तर? सूचना छापून भागत नाही, कारण सूचना वाचल्या जात नाहीत. त्यांनी पुंगळीच सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरने लांब केली. त्यामुळे मॅग्नम काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरच्या कोठीत पुरते बसत नाही आणि फिरते चाक बंद होत नाही. उलट मॅग्नमच्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये कमी दाबाचे ०.३८ स्पेशल बिनधोक चालते. चूक करणे माणसाला शक्यच होऊ नये अशी रचना करणे, हा अभियांत्रिकीतला फार मोठा धडा आहे. विजेच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये एक पीन जाड ठेवतात, तेही याच विचाराने.

पण प्रत्येक ठिकाणी असे कुलूप नसते. काही काडतुसे 'प्लस-पी' या खुणेने विकली जातात. ९ मिलिमीटरमध्ये या खुणेचा अर्थ १० टक्के, तर ०.३८ स्पेशलमध्ये सुमारे १८ टक्के जास्त दाब. त्यांच्या पुंगळीचा आकार मात्र साध्या काडतुसासारखाच असतो. ती जुन्या, हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहज शिरतात. इथे माणसाच्या वाचण्यावरच सारे अवलंबून आहे. पुंगळीच्या बुडावरचा ठसा वाचायचा, नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव वाचायचे, आणि दोन्ही अक्षरशः जुळली तरच पुढे जायचे. शिरते म्हणजे चालते, असे नाही.

भिंत जाड केली की झाले?

'मग नळी जाड करावी, हवी तेवढी दारू भरावी!' वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी हे म्हणणारच. त्याला पोलादातला ताण मोजायला लावू. आत दाब असलेल्या नळकांड्याची भिंत परिघाच्या दिशेने ताणली जाते. फुग्याचे रबर ताणले जाते तसे. हा ताण भिंतीच्या आतल्या बाजूला सर्वांत जास्त असतो. आतली त्रिज्या 'अ' आणि बाहेरची त्रिज्या 'ब' असेल, तर

आतल्या बाजूचा ताण = दाब × (ब² + अ²) ÷ (ब² − अ²)

रिव्हॉल्व्हरच्या कोठीची आतली त्रिज्या ४.८ मिलिमीटर धरू. भिंत २ मिलिमीटर जाड असेल तर ब = ६.८ आणि ताण दाबाच्या ३ पट येतो. भिंत ४ मिलिमीटर केली तर १.८५ पट. ८ मिलिमीटर केली तर १.३३ पट. जाडी चौपट केली तरी ताण निम्म्याहून थोडाच कमी झाला. आणि भिंत कितीही जाड केली तरी ताण दाबापेक्षा खाली जात नाही. म्हणजे नुसत्या जाडीने प्रश्न सुटत नाही. धातूच चांगला हवा.

किती चांगला? ०.३८ स्पेशलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १,२०० किलो. २ मिलिमीटर भिंतीत ताण ३,६०० किलो. ०.३५७ मॅग्नममध्ये तोच ७,४०० किलो होतो. खिडकीचे गज, पाण्याचे पाइप यांचे साधे मऊ पोलाद दर चौरस सेंटीमीटरला साधारण २,५०० किलोच्या ताणाला कायमचे वाकू लागते. उष्णतेची प्रक्रिया केलेले मिश्र पोलाद ८,००० ते १०,००० किलो किंवा अधिकही सहन करते. खऱ्या रिव्हॉल्व्हरची कोठी अशा पोलादाची असते. पाइप कापून केलेला गावठी कट्टा कमी दाबाच्या काडतुसालाही पुरा पडत नाही, हे या चार ओळींच्या गणितातून दिसते. तो एकदा चालला म्हणून पुन्हा चालेल असेही नाही. तार वाकवून सरळ केली, पुन्हा वाकवली की ती दहाव्या खेपेला तुटते. नळीतही प्रत्येक बाराबरोबर न दिसणारी चीर थोडी पुढे सरकते.

धातू न बदलता ताण वाटून घेण्याची एक युक्ती आपल्याकडे जुनी आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात. थंड होताना ती आकसते आणि चाकाला आवळून धरते. आपल्या किल्ल्यांवर दिसणाऱ्या बांगडी तोफांत लोखंडी पट्ट्यांभोवती अशाच कड्या चढवलेल्या असतात. बाहेरची कडी आतल्या भागाला आधीच दाबून ठेवते, म्हणून बाराच्या वेळचा ताण त्या दाबातून वजा होतो. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या पोलादी तोफाही याच तत्त्वावर बनू लागल्या.

धक्का कोण सोसणार?

बंदूक टिकली तरी हात टिकायला हवा. ०.३८ स्पेशलची १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने जाते, तर तेवढ्याच वजनाची मॅग्नमची गोळी सुमारे ३७५ मीटरने. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने १ किलोचे रिव्हॉल्व्हर अनुक्रमे सेकंदाला २.३ आणि ३.८ मीटर वेगाने मागे येते. (वायूंचा संवेग आपण धरलेला नाही. तो धरला तर आकडे आणखी वाढतात.) धक्क्याची ऊर्जा पावणेतीन ज्यूलवरून सव्वासात ज्यूलवर जाते. आता 'खिशात मावावे' म्हणून अर्ध्या किलोचे हलके रिव्हॉल्व्हर घेतले आणि त्यात मॅग्नम वापरले तर? ऊर्जा पुन्हा दुप्पट होते, म्हणजे १४-१५ ज्यूल. हात उडतो, डोळे मिटतात, दुसरी गोळी भलतीकडेच जाते. ज्याचा नेम चुकतो त्याच्या हातात जास्त शक्ती असणे हे भोवतालच्या माणसांच्या दृष्टीने जास्त धोक्याचे. म्हणून जास्त दाबाच्या काडतुसासाठी हत्यार जड, मूठ हाताला पुरती आणि वापरणारा शिकलेला असावा लागतो. पोलीस आणि सैन्य दलांत या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करून हत्यार निवडले जाते. पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेत विकसित झालेले आणि २०२१ मध्ये जाहीर झालेले 'अस्मी' हे पिस्तूल ९ मिलिमीटरचे प्रचलित काडतूसच वापरते. उपलब्ध, तपासलेले काडतूस आधी ठरते आणि हत्यार त्याच्याभोवती घडते.

ठशाची किंमत

नळी पुरेशी मजबूत आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून विकण्याआधी प्रत्येक हत्यारातून मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस उडवून पाहण्याची पद्धत आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि तिथे ही परीक्षा रुजली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ चे. १९१४ पासून युरोपात यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग काम करतो. पिस्तुलांसाठी परीक्षेचा दाब मान्य कमाल दाबापेक्षा साधारण ३० टक्के जास्त असतो. उत्तीर्ण झालेल्या नळीवर ठसा उमटतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही हत्यार बनवणे, दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे ही सारी परवान्याची कामे मानली आहेत. परवान्याशिवाय घरी काडतुसे भरणे हाही त्यामुळे गुन्हा ठरतो. काडतुसांच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे आणि भुसावळजवळच्या वरणगाव येथेही लहान हत्यारांची काडतुसे बनतात. तिथे दर खेपेच्या मालातले नमुने उडवून त्यांचा दाब मोजतात. घरातल्या पाट्यावर हे मोजमाप होत नाही.

तेव्हा परवानाधारकासाठी निवडीचे सूत्र असे निघते. नळीवरचे नाव आणि पुंगळीवरचे नाव तंतोतंत एक असावे. नळीवर परीक्षेचा ठसा असावा. खोक्यावर 'प्लस-पी' असेल तर हत्याराच्या माहितीपत्रकात तशी परवानगी आहे का पाहावे. जुने, सैल झालेले हत्यार जाणकार कारागिराला दाखवल्याशिवाय वापरू नये. बार नेहमीपेक्षा हलका वाजला तर थांबून, हत्यार रिकामे करून नळी तपासावी. हत्याराच्या माहितीपत्रकात मान्य असेल तरच कमी दाबाचे वेगळे काडतूस बळकट हत्यारात चालेल, पण बळकट काडतूस कमी ताकदीच्या हत्यारात कधीही नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आपल्याच पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. अंधुक हालचाल डुकराची समजून बार झाला आणि त्यांच्यापैकीच एकाचा जीव गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार गुन्हा आहे. पण कायद्याचे कलम बाजूला ठेवले तरी, नळीतून सुटलेल्या गोळीला समोर कोण आहे हे कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी पूर्णपणे चापावरच्या बोटाची.

जप्त केलेली बांबूची नळी तास संपल्यावर मुलाला परत द्यावी. परत देताना दोनच प्रश्न विचारावेत. तुझ्या नळीत दाब किती होतो? आणि बार काढण्याआधी तू समोर पाहिलेस का? पहिल्याचे उत्तर त्याला आता काढता येईल. दुसऱ्याचे त्याला रोज द्यावे लागेल.